कावळे गवतात होते

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आत्याला मी सून म्हणून हवी होते, आणि तेही वर्षाच्या आत. आमच्यात घरात कुणी गेलं की मुलांची लग्नं वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. आत्याला तीन वर्षं थांबायचं नव्हतं. ती सुरतेतच, भेस्तानला राहायची. तिचे गुडघे धरले होते, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलगा इच्छापोरच्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर लागला होता. मुलगा वाईट नव्हता. दिवाळीला यायचा, सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा, जाताना माझ्या आईच्या पाया पडायचा. माझ्याशी बोलायचा नाही. मीही बोलत नसे.

मला बी.एस्सी. पूर्ण करायचं होतं. याहून जास्त काही मला माहीत नव्हतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की नाही, तेही माहीत नाही.

आमची खोली कतारगामच्या मागच्या अंगाला होती. खाली लूमचं खातं, वर आम्ही. पप्पा त्याच खात्यात जॉबर होते. माग बंद पडला की तो चालू करून देणं हे त्यांचं काम. दिवसभर आमची फरशी थरथरायची. शेल्फवरची वाटी आपोआप कडेला सरकत यायची आणि आई येता-जाता ती मागे ढकलायची. पाहुणे आले की ओरडून बोलावं लागायचं. मला ते कधी जमलं नाही, त्यामुळे ‘ही पोरगी बोलतच नाही’ असं माझ्याबद्दल सगळे लहानपणापासून म्हणत आले.

घरापासून थोडं चाललं की बांध लागायचा आणि बांधापलीकडे तापीपर्यंत गवताचा सपाट पट्टा होता. पावसाळ्यात नदी तिथवर यायची. ती मागे सरली की गाळातून गवत वर यायचं आणि नवरात्रापर्यंत कमरेला लागायचं. तिथं कुणाचं काही नव्हतं. म्हशी यायच्या, काही मुलं पतंगाच्या दिवसांत यायची, आणि आईच्या शेवटच्या वर्षात आम्ही दोघी जायचो.

आईला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेत फिरवा म्हणून सांगितलं होतं. सुरतेत मोकळी हवा म्हणजे आम्हाला माहीत असलेली ती एकच जागा होती. मी कॉलेजहून आले की आम्ही निघायचो. ती बांधावर रुमाल अंथरून बसायची. तिचे पाय सुजलेले असायचे, त्यामुळे चपला बाजूला काढून ठेवायची.

“इथं माग ऐकू येईना बघ,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती. मग तिनं पदर सावरला. मला वाटलं तिला काहीतरी सांगायचं असेल. पण ती नुसती बसली होती.

तिथं बघण्यासारखं पुष्कळ होतं आणि बोलण्यासारखं काही नव्हतं. मला ते बरं वाटायचं. पावलागणिक नाकतोडे उडायचे, हिरवे आणि वाळक्या काडीच्या रंगाचे. काडीवर उतरला की तो दिसेनासा व्हायचा आणि मग नीट बघितलं की दोन डोळे दिसायचे. ओल असलेल्या भागात चतुर असायचे. लाल चतुर नेहमी त्याच त्या काडीवर परत येऊन बसायचा. उठवला तरी एक चक्कर मारून तिथंच. पिवळ्या फुलांवर काळे-पिवळे पट्टे असलेले भुंगेरे बसून पाकळ्या खायचे. त्यांना हात लावू नकोस, फोड येतात, असं आईनं सांगितलं होतं. संध्याकाळी मुनियांचा थवा बियांसाठी उतरायचा. एवढ्या हलक्या की एका काडीवर दोन बसल्या तरी काडी थोडीशीच वाकायची. टिटवी आमच्यावर रोज नव्यानं ओरडायची.

मला यांतल्या निम्म्यांची नावं फक्त इंग्रजीत यायची. शाळेच्या पुस्तकातून आलेली. आईला निम्म्यांची मराठीत यायची. उरलेल्यांना आम्ही दोघी काहीच म्हणत नव्हतो.

“ते बघ, ड्रोंगो.”

“काय?”

“ते काळं. शेपटीला फाटा आहे ते.”

“कोतवाल म्हन की. लई भांडखोर. घारीला सोडत न्हाई.”

एका संध्याकाळी तिनं स्वतःहून विषय काढला. “तुझी आत्या आली हुती. तुला मागायली.”

मी गवताकडे बघत राहिले. “मग?”

“मग काय. बघू म्हनलं.”

मीही पुढे विचारलं नाही. ‘बघू’ म्हणजे हो की नाही, ते मला कधी कळलं नाही. पुढे दशक्रियेच्या दिवशी प्रत्येक जण आईच्या मनात काय होतं ते छातीठोकपणे सांगत होता, तेव्हा माझ्याजवळ एवढा एकच शब्द होता आणि त्यातून काही निघत नव्हतं.

गवत दसऱ्याच्या पुढेमागे कापतात. तबेलेवाल्यांचा टेम्पो बांधावर येऊन उभा राहतो आणि बायका विळे घेऊन नदीच्या बाजूनं सुरुवात करतात. आदल्या वर्षी आम्ही दोघींनी ते पाहिलं होतं. ओळीनं बायका पुढे सरकतात, त्यांच्यापुढे गवतातले सगळे किडे उडतात, आणि त्या किड्यांसाठी आसपासची सगळी पाखरं जमतात. बगळे तर विळ्याच्या इतक्या जवळ चालतात की भीती वाटते. साळुंक्या, कोतवाल, वेडे राघू. आणि कावळे. नदीकाठच्या ओवाऱ्यावरचे, कचऱ्याच्या ढिगावरचे, शाळेच्या मैदानावरचे, सगळे कावळे त्या दिवशी गवतात असतात. आई म्हणाली होती, “आज ह्यांची दिवाळीच की.”

ती दसऱ्यानंतर गेली. दवाखान्यात, दुपारी. मी तिच्यासाठी नारळपाणी आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा पप्पा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखे आठवतात. माणसं यायची, बसायची, मागांच्या आवाजामुळे मोठ्यानं रडायची. मी पाण्याचे पेले भरायचे. मला वाटायचं, माझ्या कानांत कापूस आहे आणि तो काढला की काहीतरी होईल. पण काढायचं कसं ते माहीत नव्हतं आणि तशी घाईही नव्हती. हिंगोलीहून मामा आला. आत्या तर पहिल्या दिवसापासून होतीच. तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. ती चांगलं करत होती. मी जेवले की नाही हे फक्त तीच विचारायची.

दहाव्याला आम्ही ओवाऱ्यावर गेलो. ओवारा म्हणजे नदीवरच्या जुन्या दगडी पायऱ्या. आमच्याकडे बायकाही जातात. गुरुजी उधन्याहून आले होते. पप्पांनी डोकं भादरलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते एकदम लहान दिसायला लागले. पिंड मांडले, दर्भ ठेवला, शेजारी पत्रावळीवर आईच्या आवडीचं वाढलं. भात, वरण, भजी, पुरी. मी सकाळी कोपऱ्यावरून हरभऱ्याच्या डाळीचा मऊ, वाफवलेला लोचो आणला होता, तोही ठेवला.

“हे काय पिवळं?” मामानं विचारलं.

“लोचो.”

“ताई हे खायची?”

“रविवारी.”

मामा त्या पत्रावळीकडे बघत राहिला. बहिणीबद्दल आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी निघालं, तसं त्याचं तोंड झालं.

मग सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

एरवी त्या ओवाऱ्यावर कावळे हाकलावे लागतात. बाजूच्या पिंपळावर ते कायम बसलेले असतात आणि भात ठेवायचा अवकाश, उतरतात. त्या दिवशी पिंपळावर एकही नव्हता. एक मुंग्यांची रांग पायरीच्या फटीतून निघून पिंडापर्यंत पोचली. एक चतुर दर्भाच्या टोकावर येऊन बसला, उडाला, परत तिथंच बसला. मी त्याच्याकडे बघत होते.

“थोडं आणखी मागं सरा,” गुरुजी म्हणाले. “माणसं जवळ असली की येत नाहीत.”

आम्ही मागे सरलो. कावळा आला नाही.

“ते पिवळं काढा बरं,” आत्या म्हणाली. “पित्राला कुनी बाजारचं वाढतं का?”

लोचो काढला. मामानं टपरीवरून चहा आणून ठेवला. ताईला चहा लागायचा म्हणे. चहावर साय धरली. मामानं हात जोडले. “ताई, घे गं माय. कशात अडकलीस? पोरीचं मी बघतो, भावजींचं बघतो. घे.” तो वळून नदीकडे तोंड करून उभा राहिला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे आणखी एका ठिकाणी जायचं होतं.

तेव्हा आत्या माझ्याजवळ आली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “कशात अडकली ते दिसंना का कुनाला? आईचा जीव दुसरा कशात अडकनार? लेकीत. इकडं ये. पिंडापुढं हात जोड आन म्हन, आई, मी आत्याच्या घरी जाते, वर्षाच्या आत जाते. बघ, आता येतो का न्हाई कावळा.”

पिंडापुढे दिलेला शब्द परत घेता येत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. घरातल्या गोष्टींत असे शब्द येतात. अमक्यानं पिंडापुढे सांगितलं म्हणून धाकट्याला घर दिलं, तमकीनं सांगितलं म्हणून जन्मभर कांदा खाल्ला नाही. ते मोडलं असं मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी पप्पांकडे पाहिलं. ते आपल्या हाताला चिकटलेला भात बोटानं काढत होते.

आत्यानं मला दंडाला धरून पुढे नेलं. जोरात नाही. मला चालता येत होतं, हे मला आठवतं. काही वाटत नव्हतं, हेही आठवतं. कावळा येत नाही तर माझ्या एका वाक्यानं एवढी माणसं सुटतील, आईही सुटेल, असंही मनात येऊन गेलं. मी हात जोडले. आणि समोर बघितलं, तर पायऱ्यांच्या टोकापलीकडे, बांधाच्या वळणावर, आमच्या गवताच्या कडेला टेम्पो उभा होता.

बायकांची ओळ नदीच्या बाजूनं अर्ध्यावर आली होती. त्यांच्यापुढे पांढरे ठिपके चालत होते आणि वर काळे फिरत होते. खाली बसत होते, वर उठत होते. लांबून आवाज येत नव्हता.

“काय बघायलीस तिकडं?” आत्या म्हणाली. “आई इकडं हाय.”

“गवत कापतायत,” मी म्हटलं.

“आं?”

“कावळे तिकडे आहेत. सगळे.”

माझा आवाज इतका बारीक होता की मामानं ‘काय म्हनली?’ म्हणून विचारलं. मग मला ते परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते आणखी मूर्खपणाचं वाटलं.

आत्या हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. “इंग्रजी शाळेत हेच शिकवत्यात का गं? कावळे कुठं जेवायला गेले त्ये? आन आईच्या घासापेक्षा ह्यांना किडं ग्वाड लागायले?” मग हसणं थांबवून म्हणाली, “शानपना पुरं. म्हन.”

मी हात जोडून उभी राहिले. बोलले नाही. मी धीट झाले होते असं नाही. मला बोलताच येत नव्हतं, एवढंच.

पप्पा उठले. माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि मी बघत होते तिकडे बघायला लागले. ते कधी आमच्याबरोबर गवतात आले नव्हते. आमच्या वेळेला त्यांची पाळी असायची. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. खात्यात माग बंद पडला की कारागीर त्याला शिव्या घालतात, आणि पप्पा काही न बोलता वाकून तुटलेला धागा शोधतात. तेव्हा त्यांचा चेहरा असायचा, तसाच तो त्या वेळी होता.

“कधी थांबतात त्या?” त्यांनी मला विचारलं.

“ऊन चढलं की. जेवायला बसतात. तोपर्यंत पाखरं हलत नाहीत.”

“थांबता येईल, गुरुजी?”

गुरुजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. “पलीकडे माणसं वाट बघतायत हो. पण तशी सोय असते. कावळा नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववायचा. शास्त्राला चालतं.”

“मग तो करा.”

“अरे, खुळा का काय तू?” आत्या ओरडली. “गवताचा कावळा! तिच्या जिवाचं काय? अडकून पडंल ना ती. एक शब्द द्यायला पोरीचं काय जाते?”

“जाते की, अक्का,” पप्पा म्हणाले.

गुरुजी खाली बसून दर्भाच्या काड्या वळायला लागले. त्यांच्या बोटांना सवय होती. क्षणभरात गाठ मारून झाली. तो कावळ्यासारखा दिसत नव्हता. झाडूतून निसटलेल्या दोन-चार काड्या एकत्र बांधाव्यात, तसा होता. त्यांनी तो पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी पिंडाला लावला. मग पिंड उचलून पाण्यात सोडले. भात पाण्यात विरघळताना पांढरा ढग झाला आणि लहान मासे आले.

“आन लग्नाचं?” आत्या कोरड्या पायऱ्यांवर उभी राहून म्हणाली. “तेवढं तरी सांग. वर्षाच्या आत का न्हाई?”

पप्पा गुडघाभर पाण्यात होते. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. “वर्षाच्या आत न्हाई जमनार. तीन वर्षं थांबू.”

“तीन वर्षं? माझा पोरगा काय तीन वर्षं बसनार हाय हिच्यासाठी?”

“त्यानं का बसावं? त्याचं कर की तू.”

आत्या त्या दिवशी जेवली नाही. पण तिनं डबा भरून घेतला आणि रिक्षानं भेस्तानला गेली. पुढच्या वर्षी मुलाचं लग्न केलं. मुलगी पर्वत पाटियाची होती, कापडाच्या दुकानात कामाला जायची. आम्ही लग्नाला गेलो. आत्या माझ्याशी नीट वागली, वाढताना दोनदा आग्रह केला. पण त्यानंतर तिच्या सुनेला दिवस राहिले नाहीत, मामाची म्हैस मेली, पप्पांना मोतीबिंदू झाला, असं काहीही झालं की ती म्हणायची, वहिनी अजून अडकलीय. कावळा शिवला नाही तिला. ती हे रागानं म्हणायची नाही. तिला ते खरंच वाटायचं, आणि आईसाठी वाईटही वाटायचं.

कावळे कुठं होते ते मी पाहिलं होतं. पुढच्या काही वर्षांत मी नाकतोडे आणि भुंगेरे डबीत गोळा केले, भिंगाखाली बघितले, त्यांची लॅटिन नावं पाठ केली. आत्याच्या त्या वाक्यावर काय बोलायचं ते त्यात कुठं नव्हतं.

पण त्या दिवशीचं सांगत होते. परत येताना मामा पुढे चालत होता, आम्ही दोघं मागे. पप्पांच्या डोक्यावर ऊन चमकत होतं आणि त्यांना टोपी घ्यायचं सुचलं नव्हतं. बांधाशी आलो तेव्हा गवत कापणाऱ्या बायका सावलीला बसून भाकऱ्या सोडत होत्या. एकीनं गुजरातीत काहीतरी म्हटलं आणि बाकीच्या हसल्या. कापलेल्या जमिनीवर बगळे अजून हिंडत होते. कावळे उठून ओवाऱ्याच्या दिशेनं एकेक करत निघाले होते. पप्पांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघंही थांबलो नाही.

खात्याचा आवाज यायला लागला तेव्हा ते म्हणाले, “तीन वर्षांत किती शिकून होतं?”

“बी.एस्सी. होतं. वर दीड वर्ष उरतं.”

“दीड वर्षात काय होतं?”

“एम.एस्सी. जवळजवळ.”

त्यांनी मान हलवली. जिन्याशी आल्यावर ते वर न चढता खात्याच्या दाराशी थांबले. आत कुठला तरी माग बंद पडला होता. एवढ्या आवाजात मला ते कधीच कळत नसे, त्यांना कळायचं.

“मग ते जवळजवळवर कशाला सोडायचं,” ते म्हणाले, आणि ओल्या धोतरानंच आत गेले.